आरोग्यव्यवस्थेला कडक इस्त्री

सुधारणा पहिली

"दवाखान्यात माणूस आत घेतला की बाहेर कधी मिळणार ते तिथल्या तिथे सांगितलं पाहिजे. वार सांगा, वेळ सांगा. मी शर्ट घेतो तेव्हा सांगतो की नाही? शनिवारी संध्याकाळी. मग शनिवारी संध्याकाळी शर्ट हँगरवर हजर. माणसाची किंमत शर्टापेक्षा कमी आहे का?"

"हजर?" मागच्या खोलीतून आवाज आला. "वकिलांचा कोट गेल्या शनिवारपासून भिजतोय."

"ती अवघड केस आहे."

"दवाखान्यातही अवघड केसेस असतात. नामंजूर."

बोलणारे कडकराव, कोपऱ्यावरच्या लाँड्रीचे मालक. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण कॉलरला ते इतकी खळ घालायचे की शर्ट घालणाऱ्याला मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. त्यावरून गल्लीनेच त्यांचं बारसं केलं. नामंजूर म्हणणारी त्यांची बायको. दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, मागे धुण्याचं मशीन, वाफेची इस्त्री आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल. मधल्या दाराला पडदा नव्हता, तयार कपडेच टांगलेले असत. त्यामुळे बायको मागून बोलली की तो आवाज कधी कुणाच्या पँटमधून यायचा, कधी कुणाच्या फ्रॉकमधून. पण ऐकू नेहमी स्पष्ट यायचा.

कडकरावांना आरोग्यव्यवस्थेची एवढी काळजी लागायचं कारण त्यांच्या पट्ट्याखाली होतं. उजव्या बाजूला, पोट संपतं आणि मांडी सुरू होते तिथे. डॉक्टर त्याला हर्निया म्हणत. बायको त्याला पाहुणा म्हणायची, कारण त्याची वागणूक तशीच होती. गाठोडं उचललं, जोराची शिंक आली, की हा बाहेर येऊन बसायचा. कडकराव आडवे झाले की निमूटपणे आत जायचा. येताना विचारायचा नाही, जाताना सांगायचा नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांचे पांढरे कोट याच दुकानात यायचे. कोट घ्यायला आले की ते कोटाआधी पाहुण्याची चौकशी करायचे.

"करून टाका हो ऑपरेशन. छोटंसं आहे. आत जातोय तोवर ठीक, पण एक दिवस बाहेर येईल आणि आत जायला नाही म्हणेल. आतडं अडकलं की मग सवडीने येतो म्हणता येत नाही."

"मी तयार आहे, डॉक्टर. व्यवस्था तयार नाही. तुम्ही ती सुधारा, मी दुसऱ्या मिनिटाला येतो."

"मी एकटा कशी सुधारू?"

"म्हणूनच तर मी मुद्दे काढून देतोय."

सुधारणा दुसरी

"आजारी माणसाने या खोलीतून त्या खोलीत हिंडायचं आणि धडधाकट डॉक्टरने खुर्चीत बसायचं, ही उलट्या बाजूने इस्त्री झाली. पेशंटला एका जागी बसवा. डॉक्टरांना हिंडू द्या. चालणं त्यांच्याही तब्येतीला चांगलं."

"मग तुम्हीही उद्यापासून घरोघरी जाऊन कपडे आणा. चालणं तुमच्याही तब्येतीला चांगलं."

कडकराव काउंटर पुसायला लागले.

"नामंजूर."

सुधारणा तिसरी आणि चौथी

या दोन्ही फक्त बँकेतल्या साहेबांनी ऐकल्या. साहेब आता दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत जातात.

एरवी गिऱ्हाइकांना पळून जायची सोय नव्हती. कपडा हातात पडेपर्यंत माणूस काउंटरला बांधलेला असतो आणि कपडा कधी हातात ठेवायचा हे कडकरावांच्या हातात. एखादा मुद्दा लांबला तर ते शर्टाची घडी मोडून पुन्हा घालायचे. एवढ्या सुबक घड्या शहरात दुसरीकडे मिळत नसत. एवढा वेळही कुठे लागत नसे.

सुधारणा पाचवी

"गाऊनला मागची बाजू असावी."

हा मुद्दा त्यांनी शाळेतल्या बाईंसमोर मांडला. बाईंनी मान खाली घालून आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"मी कपड्यांतला माणूस आहे, बाई. मित्राला भेटायला गेलो होतो तेव्हा त्याच्या अंगावर तो प्रकार पाहिला. पुढून बघाल तर वस्त्र, मागून बघाल तर खिडकी. दोन नाड्या, तीही एक तुटकी. माणसाची तब्येत सुधारायला घेतलीय की अब्रू धुवायला? बरं, कापड कुठलं? चादरीचं. शिवण? एकेरी. आणि वर सांगतात, घाबरू नका. मागून वारा येत असताना कोण घाबरणार नाही?"

"म्हणजे तुम्ही लाजताय," एका रेनकोटातून बायको म्हणाली.

"मी तत्त्वाचं बोलतोय."

"तुमच्या तत्त्वाला मागची बाजू आहे का?"

बाईंची पर्स बंद झाली आणि त्या खो खो हसायला लागल्या. कडकरावांनी त्यांच्या साडीची घडी तिसऱ्यांदा मोडली.

"अर्धी मंजूर करायचा विचार होता," बायको म्हणाली. "पण नाचता येईना, अंगण वाकडं, तशातली गत आहे ही. ऑपरेशन करता येईना, गाऊन वाकडा. नामंजूर."

मध्येच एक पाटी

*कपडा आकसल्यास, रंग गेल्यास किंवा बटण तुटल्यास दुकान जबाबदार नाही.*
*असे क्वचितच घडते.*

ही पाटी काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाच्या अगदी डोळ्यांसमोर आहे. पहिली ओळ दुकान उघडलं तेव्हाची. दुसरी ओळ नंतरची. रंगाच्या छटेवरून ते कळतं आणि बायकोला विचारलं तर आणखी नीट कळतं. मधल्या काळात निळा कोट घडला होता. लोकरीचा, बायकोचा, लग्नानंतर तिने स्वतः निवडून घेतलेला पहिला. तो कडकरावांनी स्वतःच्या हातांनी, पाणी जरा जास्तच गरम ठेवून धुतला आणि जेव्हा बाहेर काढला तेव्हा तो बाहुलीला बसला असता, तोही बाहुलीने श्वास रोखून धरला असता तर.

निळ्या कोटाचा विषय या दुकानात काढायचा नाही असा नियम होता. तो नियम कडकरावांनी केला होता, त्यामुळे बायको आठवड्यातून एकदा तरी विषय काढायची.

सुधारणा सहावी, म्हणजे खरी

बाकीच्या सुधारणा कडकराव गिऱ्हाइकांना सांगायचे. ही त्यांनी बायकोला सांगितली. दुकानात कोणी नव्हतं. मशीनही थांबलेलं होतं.

"ज्याचा डाग, त्याचं बोट."

"म्हणजे?"

"आपण काय करतो? नाजूक कपडा आला की गिऱ्हाइकाला म्हणतो, डागावर स्वतः बोट ठेवा. सांगू नका, दाखवू नका, ठेवा. मग त्या बोटाखाली मी फुली मारतो. फुली म्हणजे डाग, इथे घासा. जिथं कापड विरलंय तिथे गोल. गोल म्हणजे इथे हात लावू नका. त्यानंतर कपडा मागे गेला, कोणी धुतला, कुठल्या मशीनमध्ये गेला, काही फरक पडत नाही. चूक होतच नाही. दवाखान्यात असं करतात का? माणसाला झोपवतात, झाकतात, एक चौकोन उघडा ठेवतात. त्या चौकोनातून कळणार कसं हा माणूस उजवा की डावा? आणि आडवा झालो की पाहुणा तर आत निघून जातो. दार वाजवणार कुठलं?"

बायकोने ताबडतोब नामंजूर म्हटलं नाही. हातातला शर्ट टेबलावर ठेवून ती दारातल्या कपड्यांमधून पुढे आली.

"तुम्हाला भीती वाटते का, की चुकीच्या बाजूला कापतील?"

"मला कसली भीती? मी जनतेबद्दल बोलतोय."

"जनतेचा पाहुणा कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या," कडकराव म्हणाले.

सुधारणा सातवी, अपुरी

"औषधाच्या गोळ्यांना रंग देताना निदान एवढं तरी भान ठेवायला हवं की ज्या माणसाला सकाळी पांढरी, दुपारी पांढरी आणि रात्री"

हे वाक्य इथेच तुटलं, कारण ते बोलता बोलता कडकरावांनी हॉटेलच्या पडद्यांचं गाठोडं उचललं. पडदे मखमली होते आणि ओले होते. गाठोडं खाली पडलं. कडकराव काउंटरला धरून उभे राहिले. चेहरा त्यांनीच धुऊन नीळ दिल्यासारखा दिसायला लागला.

बायको धावत आली. "काय झालं?"

"पाहुणा."

"आडवे व्हा."

"इथे?"

तिने त्यांना धरून मागे नेलं आणि इस्त्रीच्या टेबलावर झोपवलं. टेबल अजून गरम होतं. पाहुणा आत जाईना. कडकराव छताकडे बघत पडून राहिले, अंगावर टॉवेल, डोक्याशी शेजारच्या हॉटेलचे नॅपकिन. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला होता. एवढा घट्ट की दुखत होता, पण ते काही बोलले नाहीत. हे त्यांच्या बाबतीत इतकं विचित्र होतं की ती आणखी घाबरली.

बाहेर काउंटरवरची घंटी वाजली. "आहे का कोणी? माझा कोट घ्यायचाय!" वकील.

"उद्या या!" बायको ओरडली.

"गेल्या शनिवारीही उद्याच म्हणाला होतात!"

"तेव्हाचा उद्या वेगळा, आजचा वेगळा! या आता!"

त्या ओरडण्यात काय झालं कोण जाणे, कडकरावांना हसू आलं, पोट सैल पडलं आणि पाहुणा हळूच आत सरकला. ते टेबलावर, ती बाजूला उभी.

"अगं," ते म्हणाले.

"हं."

"ऑपरेशनची वेळ घे."

डॉक्टरीण बाई

ऑपरेशन करणारी डॉक्टर ठेंगणी होती, चाळिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले. तिने कडकरावांना उभं करून तपासलं, आडवं करून तपासलं, मग समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. बुधवारी ऑपरेशन, कमरेखाली बधिर करणार, जागे राहाल, छोटी जाळी बसवणार, संध्याकाळी घरी. मग ती म्हणाली, "आता काय काय होऊ शकतं तेही सांगते. क्वचित रक्त जास्त जातं. क्वचित जखम चिघळते. क्वचित काही वर्षांनी पुन्हा होतं."

कडकरावांनी एकही प्रश्न विचारला नाही. बायकोने वळून त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस भाजीवाल्याकडेही जुडीमागे दोन प्रश्न विचारायचा.

रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "ती पाटी वाचत होती."

"कोण?"

"डॉक्टरीण. आपली पाटी. आकसल्यास, रंग गेल्यास."

"सगळेच सांगतात तसं. चांगलंच आहे की, लपवलं नाही तिने."

"क्वचित म्हणाली ती. तीनदा." ते थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी ते रस्त्यातून हलले नाहीत. "दुकानदार क्वचित कधी म्हणतो ते मला माहीत आहे. आधी एखादा निळा कोट होतो, मग क्वचित येतं."

बायकोने त्यांना बाहीला धरून कडेला ओढलं. या वेळी तिला चिडवता आलं असतं. निळ्या कोटाचा विषय त्यांनी आपणहून काढला होता, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"असेलही तिचा एखादा," ती म्हणाली. "पण पडद्यांच्या दिवशी टेबलावर तुम्ही गप्प पडला होतात ना, तसं मला पुन्हा बघायचं नाही. बुधवारी जायचं. नाहीतर मी तुम्हाला हँगरला लावून नेईन."

सुधारणा सहावी, अमलात

मंगळवारी संध्याकाळी कडकराव आंघोळीला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बायकोला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. ते खुणेची शाई घेऊन बसले होते.

ही शाई कपड्यांवर खुणा करायची. कपडा फाटतो, पण खूण जात नाही, अशी तिची ख्याती. कडकरावांनी उभं राहून खोकून पाहुण्याला बाहेर बोलावलं, त्याच्यावर बोट ठेवलं आणि बोटाखाली चांगली ठसठशीत फुली मारली. डाग इथे. मग डाव्या बाजूला, जिथं सगळं धडधाकट होतं, तिथे कोणी चुकूनही जाऊ नये म्हणून एक मोठा, देखणा गोल काढला. इथे हात लावू नका.

त्या रात्री त्यांना महिन्यात पहिल्यांदा शांत झोप लागली.

बुधवार

"काका, हे काय आहे?"

"कुठलं, सिस्टर?"

"हे. डावीकडे गोल कोणी काढलाय?"

"मीच."

"पण कागदावर तर उजवी बाजू आहे."

"उजवीच आहे. तिथे फुली आहे बघा."

"फुली म्हणजे इथे नाही ना?"

"फुली म्हणजे इथेच!"

"आणि गोल?"

"गोल म्हणजे हात लावायचा नाही."

"काका, आमच्याकडे गोल म्हणजे इथे. फुली म्हणजे नको."

"मग तुमची पद्धत चुकीची आहे."

सिस्टर हातातली ट्रे ठेवून गेली. कडकराव पलंगावर बसून राहिले. अंगावर गाऊन होता. मागून वारा येत होता. बायको पडद्याच्या बाहेर बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिने कपाळाला हात लावला.

डॉक्टरीण आली. तिने फुली बघितली, गोल बघितला आणि पडदा नीट ओढून स्टूलवर बसली.

"उभे राहा. खोका."

कडकराव खोकले. पाहुणा आला.

"आता तुमचं बोट ठेवा."

ते तिच्याकडे बघतच राहिले. "काय म्हणालात?"

"बोट ठेवा. कुठे दुखतं तिथे. तुम्हीच."

त्यांनी ठेवलं. तिने त्याच्याच शेजारी आपलं बोट ठेवलं. "हाच ना?"

"हाच."

"मी हे प्रत्येकाला करायला लावते, आत न्यायच्या आधी. मग माझ्या पेनाने बाण काढते. अंगावर दुसरी कसली खूण असली तर काम थांबवायचं, असा आमचा नियम आहे. तुम्ही अर्धा तास थांबला असतात तर तुमच्याच बोटाखाली बाण निघाला असता."

"हे... केव्हापासून चालू आहे?"

"मी शिकत होते तेव्हाही होतं."

महिनाभर गल्लीत कपड्यांच्या घड्या मोडून मोडून तयार केलेली आपली सगळ्यात मोठी सुधारणा इथे आधीपासून भिंतीला खिळा असावा तशी नांदते आहे, हे पचवायला कडकरावांना थोडा वेळ लागला. "मग लोकांना सांगत का नाही?"

"सांगायला तुम्ही येत कुठे होतात?"

पडद्याबाहेर कोणीतरी खुदकन हसलं.

सिस्टर कापूस आणि स्पिरिट घेऊन आली. शाई जाईना. कडकरावांनी आपलं ज्ञान पाजळलं. गोल गोल घासू नका, पसरेल. कडेकडून आत या. दाबा, घासू नका. आता जरा साबण. नाही, तो नाही. सिस्टर घासत राहिली, ते शिकवत राहिले आणि शेवटी फुली कशीबशी गेली, पण दोन्हीकडे लालबुंद कातडी आणि डावीकडे तिच्या मधोमध, अगदी टवटवीत, गोल.

"शाई कुठली आहे ही?" सिस्टरने दमून विचारलं.

"उत्तम प्रतीची," कडकराव क्षीण आवाजात म्हणाले.

डॉक्टरीण हसली नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तेवढ्या आधारावर कडकरावांनी मनातला प्रश्न विचारला.

"बाई, तुमच्या हातून कधी बिघडलंय का?" मग त्यांनी तिला पाटीबद्दल सांगितलं. निळ्या कोटाबद्दलही सांगितलं, पाण्यापासून बाहुलीपर्यंत. पडद्याबाहेर खुर्ची करकरली.

डॉक्टरीण हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा तसाच राहिला.

"एकदा. एक आजोबा होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावं लागलं. बरे झाले ते. पण अजून दर वर्षी तपासायला येतात आणि आल्या आल्या पहिलं वाक्य तेच बोलतात. या वेळी एकदाच उघडा."

"दर वर्षीच ना? माझ्या घरी दर आठवड्याला चालतं हे," कडकराव म्हणाले. मग त्यांनी पाय पलंगावर घेतले, नाड्या शोधल्या, एक सापडली. "चला. करून टाका."

"आज नाही."

"का?"

"कातडी बघा ना. सोलल्यासारखी झालीय. अशा कातडीवर मी चीर देत नाही. पुढच्या बुधवारी या."

"अहो, पण मी आज तयार आहे! महिनाभर व्यवस्था तयार नव्हती, आता मी तयार आहे तर म्हणे पुढच्या बुधवारी या! ही काय पद्धत झाली?"

पडदा बाजूला झाला. बायको आत आली. तिचे डोळे ओले होते, ते हसून की कशाने ते कळत नव्हतं.

"वकिलांना बोलावू का?" ती म्हणाली. "त्यांना हे ऐकायला फार आवडेल."

तो आठवडा

गाठोडी बायकोने उचलली. कडकरावांना स्टूलवर बसवलं आणि खोकायची, शिंकायची आणि मुद्दे मांडायची बंदी केली. पहिल्या दोन गोष्टी त्यांना जमल्या. दर तासाला कपड्यांमधून विचारणा व्हायची, "पाहुणा?" आणि काउंटरवरून उत्तर जायचं, "घरात आहे." एका दुपारी उत्तर आलं नाही तर बायको हातात तापलेली इस्त्री तशीच घेऊन पुढे धावत आली. कडकराव स्टूलवर बसून वकिलांच्या कोटाला बटण लावत होते. तोंडात दोरा होता.

तिने इस्त्री काउंटरवर ठेवली. काउंटरवर अजून तो काळा त्रिकोण आहे.

"तोंडात काही धरत जाऊ नका," ती म्हणाली आणि मागे गेली. तिचा श्वास बराच वेळ ऐकू येत होता.

वकिलांना कोट मिळाला. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी तो उलटा करून बघितला, आपलाच आहे ना म्हणून.

"काय हो, आज सुधारणा नाही?"

"व्यवस्था तयार आहे, वकीलसाहेब," कडकराव म्हणाले. "सध्या मीच भिजत पडलोय."

बुधवार, दुसरा

गोल पुसट झाला होता, पण होता. सिस्टरने त्यावर पांढरी पट्टी लावली. डॉक्टरिणीने उभं केलं, खोकायला लावलं, बोट ठेवायला लावलं आणि बोटाखाली बाण काढला. कडकरावांनी तो वाकून बघितला. रेघ सरळ होती. त्यांनी मान डोलावली.

गाऊनच्या नाड्या बायकोने बांधल्या. दोन्ही होत्या. एक तिने घरून आणून शिवली होती.

"अगं."

"हलू नका. गाठ सुटेल."

"सुधारणा आठवी. बायकोला आत येऊ द्यावं."

तिचे हात नाडीवर थांबले. सिस्टरने ट्रॉलीचा दांडा धरला होता आणि घड्याळाकडे बघत होती.

"विचाराधीन," बायको म्हणाली. गाठ तिने एवढी घट्ट मारली की ती नंतर कात्रीनेच कापावी लागली.

दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची सून आत होती.

"तुमचे कोण?"

"आमचे हे."

"कधी मिळणार म्हणाले?"

"संध्याकाळी."

"मिळतात का पण सांगितलेल्या वेळेला?"

कडकरावांचा शर्ट तिच्या मांडीवर होता. तिने त्याची घडी मोडली, पुन्हा घातली. पुन्हा मोडली. मग उठून काउंटरवर गेली. "झालं का हो?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सांगू, बसा." ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मुलीने मान वर न करताच "बसा" म्हटलं. त्या आवाजातला वैताग तिला ओळखीचा वाटला. रोज तोंडातून निघणारा स्वतःचा आवाज या बाजूने कसा ऐकू येतो, हे तिला आज कळत होतं.

शेवटी दार उघडलं. डॉक्टरीण टोपी काढत बाहेर आली आणि इकडेतिकडे बघून थेट तिच्यासमोर उभी राहिली.

"आकसले नाहीत," ती म्हणाली. "रंगही गेला नाही."

बायकोने हातातला शर्ट तोंडावर धरला. कडक कॉलर नाकाला टोचली.

"बटणं?" ती शर्टातूनच म्हणाली.

"सगळी जागेवर. तोंड मात्र एक मिनिट थांबलं नाही. दिवा कुठे असावा, ट्रे कुठल्या हाताला असावी. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, कमरेच्या वर देऊ का?"

शेजारचे गृहस्थ हसले. बायकोही हसली. डोळे पुसून तिने पिशवी आवरायला घेतली, शर्ट, चपला, पट्टा.

"मग संध्याकाळी नेते त्यांना."

"नाही, बोलून बोलून रक्तदाब जरा चढलाय. आजची रात्र इथेच राहू दे. तुम्ही उद्या या."

"पण तुम्ही संध्याकाळी म्हणाला होतात!"

"हो, पण ही जरा अवघड केस आहे."

बायको पिशवी हातात धरून उभी राहिली. आतून, दोन दारांच्या पलीकडून, कोणाला तरी चादरीची शिवण समजावून सांगणारा आवाज येत होता. तो बारीक होता, पण स्पष्ट होता.

"त्यांना एक निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, सुधारणा पहिली, मंजूर."